शनिवारचा शर्ट

मिस्त्रींच्या कारखान्यात नवीन गिऱ्हाईक आलं की आधी चहा यायचा आणि चहाबरोबर मिस्त्रींची बोटं.

"मोजा," मिस्त्री म्हणायचे आणि दोन्ही पंजे टेबलावर पसरायचे. "चाळीस वर्षं करवतीवर आहे. मोजा तुम्ही."

गिऱ्हाईक बिचारं कपाटाची चौकशी करायला आलेलं. ते ओशाळून हसायचं, चहाचा घोट घ्यायचं, पण मोजल्याशिवाय सुटका नसे. दहा भरली की मिस्त्री हात मागे घ्यायचे, आणि मगच कपाटाची मापं निघायची.

कारखान्यामागेच घर होतं. स्वयंपाकघराची खिडकी थेट करवतीवर उघडायची, आणि त्या खिडकीतून मिस्त्रींची बायको हा खेळ एकतीस वर्षं बघत आली होती. घरात सगळे तिला थोरली म्हणत. नवऱ्याविषयी तिचं मत पक्कं होतं, फक्त ती ते कुणाला सांगायला गेली नव्हती. ह्यांचा हात साधारण. सफाई सगळी धाकट्याची, म्हणजे ह्यांच्या भावाची. दार त्यानं बसवलं की उघडताना आवाज नाही, मिटताना आवाज नाही. पण धाकट्याला घाई फार, आणि काळजी सगळी ह्यांच्या वाट्याला. कारखाना चालत होता तो धाकट्याच्या हातावर आणि थोरल्याच्या धाकावर.

धाक म्हणजे नियम. सैल बाही नको. करवतीवर हातमोजे नकोत, पात्यानं मोजा पकडला की आतला हातही पकडला. अरुंद पट्टी बोटांनी ढकलायची नाही, ढकलकाठी घ्यायची. पातं पुरतं थांबल्याशिवाय तुकडा उचलायचा नाही. आणि करवत चालू असताना काहीही पडू दे, लाकूड, पट्टी, घरातलं सोनं, "पडतंय त्याला हात घालायचा नाही. पडू द्यायचं."

सगळ्यात वर झाकणाचा नियम. गोल पात्यावर पत्र्याचं झाकण होतं, मागच्या दांड्याला एकाच नटानं आवळलेलं. दोन बाजूंना दोन कान असलेला, बोटांनीच फिरवायचा नट. त्याचा एक कान वाकलेला. लाकूड आरपार कापायचं नसेल, ड्रॉवरचा तळ बसवायला नुसती खाच पाडायची असेल, तर ते झाकण काढावंच लागे. मिस्त्री काढलेला नट शर्टाच्या वरच्या खिशात टाकायचे, म्हणजे हरवत नाही. धाकटा करवतीच्या कडेला ठेवायचा. यावरून आठवड्याला एक भांडण ठरलेलं. झाकण सैल ठेवल्याबद्दल आजवर दोन कारागीर काढून टाकले होते. त्यातल्या एकाची बायको बाळंत होऊन आठवडाही झाला नव्हता. थोरलीनं तेव्हा शब्द टाकून पाहिला होता.

"झाकण सैल ठेवणाऱ्याला माझ्या करवतीवर जागा नाही," मिस्त्री म्हणाले होते. "सख्खा भाऊ असला तरी."

सख्खा भाऊ शेजारीच उभा राहून पॉलिश कागद घासत होता. "ऐकलंस का वहिनी? माझी सोय लावून ठेवलीय दादानं," म्हणाला आणि हसला.

ते सोमवारी सकाळी साडेनऊला झालं. थोरली भांडी लावत होती. करवतीचा आवाज तिच्या कानात इतका बसलेला, की लाकूड ओलं आहे का वाळलेलं तेही तिला खिडकीतून कळे. तो आवाज मध्येच फाटला. पत्रा दणकन फरशीवर आपटल्याचं तिनं ऐकलं आणि मग धाकट्याचा आवाज. ओरडणं नव्हतंच ते. "अरे," एवढंच म्हणाला तो, काहीतरी विसरलेलं आठवल्यासारखं.

झालं होतं ते असं. तो एक फळी चिरत होता. फळीचा कोपरा झाकणाला लागला, आणि जागेवर घट्ट दिसणारं झाकण घसरलं. ते पात्यावर पडणार म्हणून धाकट्यानं ढकलकाठी टाकली आणि उजवा हात पुढे केला. चाळीस वर्षांचा माणूस, पंचवीस वर्षं भावाचे नियम ऐकलेला. पण पडणारी वस्तू धरायची हे हाताला कुणी शिकवावं लागत नाही, आणि शिकवलेलं त्या क्षणी आठवत नाही. तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं. शेजारचं अर्धं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं त्याचा घरच्या भाषेत हिशेब झाला अडीच बोटं.

इस्पितळाच्या बोळात, स्ट्रेचरबरोबर पळता पळता, मिस्त्रींच्या तोंडून निघालं, "शनिवारी खाचा पाडल्यास तेव्हा नट आवळला नाहीस ना? कितीदा सांगितलं तुला! कितीदा!"

त्या वेळी ते मनापासून बोलले. थोरली शेजारीच होती, तिला खात्री आहे. भीतीनं माणूस ओरडतो तसे ते ओरडले.

धाकट्याचं तोंड चुन्यासारखं झालं होतं. "असेल दादा," तो म्हणाला. "चुकलं माझं."

मंगळवारी थोरली कपडे धुवायला बसली. खिसे तपासायची तिची जुनी सवय. मिस्त्रींच्या खिशातून आजवर तिनं पेन्सिलींचे तुकडे इतके काढले होते की शाळा चालली असती. शनिवारचा शर्ट पाण्यात टाकायच्या आधी तिनं वरच्या खिशात दोन बोटं घातली. पेन्सिल निघाली. मापांची चिठ्ठी निघाली. आणि मग नट निघाला. एक कान वाकलेला.

ती पाटावर बसूनच राहिली. नळ चालू होता.

शनिवार तिला सगळा आठवला. धाकटा चारलाच गेला होता, बायकोला तिच्या आईकडे न्यायचं म्हणून. त्यानं पाडलेल्या खाचा चांगल्या होत्या. पण भावाच्या कामावरून स्वतःचा हात फिरवल्याशिवाय मिस्त्रींना चैन पडत नसे. दोन ड्रॉवर त्यांनी पुन्हा करवतीवर घेतले. सहाच्या सुमाराला तिनंच खिडकीतून हाक मारली होती. एकदा नाही, तीनदा. "अहो, चहा गार होतोय! आता काय करवतीवरच आणून देऊ?" आणि मिस्त्रींनी झाकण नुसतं जागेवर टेकवून ठेवलं होतं, पातं उघडं दिसू नये म्हणून. चहा पिऊन परत जाणार होते. मग कुणीतरी बोलत बसलं, आणि अंधार पडायच्या आत बाहेरच्या बाहेर कुलूप लागलं.

दारात धाकटी, धाकट्याची बायको, उभी होती. वरच्या मजल्यावरून खाली आलेली, डोळे सुजलेले, केस कसेतरी बांधलेले.

"ताई, तुमची पिठाची मोठी चाळणी द्या ना."

"चाळणी? आत्ता कशाला?"

"भुसा चाळते. शनिवारपासूनची पोती तशीच आहेत. हे म्हणतात, मी नट आवळला होता असं वाटतंय, पण दादा म्हणतोय तर नसेलही. मी म्हटलं, नट करवतीखालच्या भुशात सापडला तर तो आवळलेला होता, हादऱ्यानं सुटून पडला, असं होईल ना? मग चूक यांची नाही. होईल ना ताई तसं?"

थोरलीची मूठ ओली होती आणि मुठीत नट होता.

"होईल," ती म्हणाली. उठली, डाव्या हातानं खिळ्यावरची चाळणी काढली आणि धाकटीला दिली.

संध्याकाळी तिनं नट मिस्त्रींच्या कपाजवळ ठेवला. बशीत, बिस्किटाशेजारी. मिस्त्री इस्पितळातून आले, बसले, कपाला हात घातला आणि थांबले. आधी त्यांना कळलं नाही. मग कळलं. कळलेलं तिला दिसलं. त्यांचे कान लाल झाले आणि मग चेहरा एकदम उतरला.

"कुठं होता?"

"शनिवारच्या शर्टात."

मिस्त्रींनी बशी हातभर लांब सारली. मग त्यांनी तिच्याकडे न बघता म्हटलं, "टाके निघू देत त्याचे. मी सांगतो. माझ्या तोंडानं सांगतो. तू मध्ये पडू नकोस."

"कधी?"

"म्हटलं ना, सांगतो."

थोरलीनं नट उचलून बटणांच्या डब्यात टाकला. मुदत दिली तिनं. नवऱ्याला दिली असं तिला तेव्हा वाटलं.

मग कारणांची रांग लागली. बुधवारी धाकट्याला ताप होता. गुरुवारी खोलीत धाकटी होती, तिच्यासमोर कसं? शुक्रवारी तो झोपला होता म्हणे. आणि हे त्या झोपलेल्या भावाजवळ दीड तास बसून आले. शनिवारी डॉक्टर राउंडवर. एरवी तीन फुटांच्या फळीत सुताभराचा फरक खपवून न घेणारा माणूस, पण रोज नवं कारण घरी आणायचा आणि तिला म्हणायचा, "आज जमलंच होतं."

मागच्या अंगणात धाकटी भुसा चाळत होती. एका पोत्याला सकाळ जायची. नाकाला फडकं बांधलेलं, पापण्यांवर पिवळी भुकटी. चाळणीत खिळा अडकला की ती दचकायची, उचलून उजेडात धरायची आणि बाजूच्या वाटीत टाकायची. वाटीत आता अकरा खिळे, तीन स्क्रू आणि एक चपटं नाणं होतं. थोरली तिला दोनदा चहा देऊन आली. दुसऱ्यांदा धाकटी म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून धीर आहे बघा ताई." थोरली कप घेऊन आत आली आणि तो कप तिनं तीन वेळा विसळला.

रविवारी ती नेलकटर घेऊन इस्पितळात गेली.

ती लग्न होऊन आली तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा होता, आई नसलेला आणि केस विंचरू न देणारा. दर रविवारी त्याला दारातल्या पायरीवर बसवून ती त्याची नखं कापायची. पळून जाऊ नये म्हणून एकेक बोट घट्ट धरायची आणि मोजत जायची, एक, दोन, तीन. दहा झाल्याशिवाय उठायचं नाही, असा करार होता. मिशी फुटल्यावर तो स्वतः कापायला लागला, तरी रविवारी तिला चिडवायचा, "मोजून घे वहिनी, सगळी आहेत का."

आता तो पलंगावर बसला होता आणि उजव्या हाताचं मोठं पांढरं गाठोडं उशीवर ठेवलेलं होतं. तिनं त्याचा डावा हात हातात घेतला. नखं वाढली होती; डाव्याची नखं कापायला उजवा लागतो.

"अर्धंच काम उरलं तुला," तो म्हणाला. "अर्ध्यापेक्षा थोडं जास्त. उजवीकडची अडीच आहेत अजून."

"गप्प बस."

"हसलीस तर बरं होईल. येतंय ते रडतंय इथं." मग थोडं थांबून म्हणाला, "वहिनी, दादाला समजाव ना. तो येतो, खाली मान घालून बसतो आणि जातो. माझ्यामुळे खचलाय तो. चाळीस वर्षं कारखान्यात रक्त सांडू दिलं नाही त्यानं, आणि डाग लावला कुणी, तर मी. मला आठवतंय गं नट आवळलेला. अगदी बोटांना आठवतंय. पण नेमकी तीच बोटं गेली, आता साक्ष कुणाची काढू?"

आणि हसला. तिच्या पिशवीत, पाकिटाच्या आतल्या कप्प्यात, नट होता. सकाळी निघताना तिनं तो डब्यातून काढून घेतला होता. मिस्त्रींच्यानं होणार नाही, आपणच सांगू, असं ठरवून ती आली होती. करंगळीचं नख कापेपर्यंत सांगायचं, असं तिनं ठरवलं. करंगळी झाली. मग अंगठा झाला. "पाच," ती म्हणाली, नेलकटर मिटलं आणि पिशवीत ठेवलं. म्हणजे तिचंही आज जमलंच होतं.

बुधवारी त्याला घरी सोडलं आणि गुरुवारी सकाळी दहा वाजता तो कारखान्यात आला. ते झालं त्या दिवसापासून करवत बंद होती. झाकण फरशीवर पडलं होतं तिथंच भिंतीला टेकवलेलं. मिस्त्री टेबलापाशी उभे होते, समोर कसलेसे कागद. थोरली खिडकीतून बघत होती. धाकटीला त्याच्या मागोमाग येताना पाहून ती हात पुसत कारखान्यात आली.

धाकट्यानं डाव्या काखेत आपला एप्रन आणला होता, घडी घालून. तो त्यानं टेबलावर ठेवला.

"दादा, हिच्या भावाचं चपलांचं दुकान आहे ना, तो म्हणतोय या इकडे. गल्ल्यावर बसायचं. डाव्या हातानं जमेल. दुपारच्या गाडीनं निघतो."

"निघतो म्हणजे?" मिस्त्री म्हणाले. "कारखाना कुणी चालवायचा?"

"झाकण सैल ठेवणाऱ्याला जागा नाही. तुझाच नियम आहे. दोघांना काढलंस तू. मला ठेवलंस तर ते दोघं काय म्हणतील? लोक काय म्हणतील? म्हणतील, भावाला सूट." त्याचा आवाज शांत होता. रात्रभर घोकलेलं असावं. "तुला तोंडानं सांगावं लागू नये म्हणून मीच आलो."

धाकटी खाली बघत म्हणाली, "नऊच्या नऊ पोती चाळली दादा. नाही सापडला. म्हणजे यांनी लावलाच नसेल."

आता थोरलीनं नवऱ्याकडे पाहिलं. टेबलावर त्यांचे दोन्ही पंजे पसरलेले होते, गिऱ्हाइकासमोर पसरत तसे. ओठ हलले. तिला वाटलं, आता. आता बोलतील. तिनं मनात मोजलं, एक, दोन, तीन.

"जेवून तरी जा," मिस्त्री म्हणाले.

थोरलीनं कमरेला खोचलेलं पाकीट उघडलं, नट काढला आणि करवतीच्या लोखंडी पाटावर ठेवला.

वाकलेला कान धाकट्याला लांबूनच ओळखू आला. "अरे! सापडला? कुठं सापडला?"

"ह्यांच्या खिशात," थोरली म्हणाली. "शनिवारी तू गेल्यावर ह्यांनी दोन ड्रॉवर पुन्हा घेतले. मी चहाला हाका मारल्या. हे नट खिशात टाकून आले. तू आवळला होतास. तुझी चूक नाही."

धाकट्यानं भावाकडे पाहिलं. मिस्त्रींनी मान वर केली नाही, आणि त्यात उत्तर आलं.

विचारलं ते धाकटीनं, अगदी हळू. "तुम्हाला कधी मिळाला ताई?"

खोटं बोलायला जागा होती. काल म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"तू चाळणी मागायला आलीस ना," थोरली म्हणाली, "त्या वेळी माझ्या मुठीत होता."

धाकटीनं पापण्या मिटल्या. केसांच्या मुळाशी अजून भुकटी होती.

"अरे, मी सांगणारच होतो," मिस्त्री एकदम बोलायला लागले. इतक्या दिवसांचं तुंबलेलं एकदम. "टाके निघाले की सांगणार होतो. तुझी शपथ. तू इथंच राहायचं, कारखाना तुझा, मी करवतीला हात लावणार नाही, तू फक्त उभा राहून सांग, थांब, आपण असं करू..." आणि टेबलाच्या कडेनं येऊन त्यांनी हात पुढे केला.

"राहू दे दादा," धाकटा म्हणाला. "पडतंय त्याला हात घालायचा नाही. पडू द्यायचं."

त्यात राग नव्हता. राग असता तर थोरलीला बरं वाटलं असतं.

मग तो भिंतीपाशी गेला. झाकण डाव्या हातानं उचललं, गाठोड्याच्या हातानं खालून आधार दिला आणि दांड्यावर बसवलं. नट घेतला, लावायला गेला, निसटला. फरशीवर पडला. मिस्त्री वाकले, तसं त्यानं मान हलवली. स्वतः वाकून उचलला. डाव्या हाताला आटे सापडत नव्हते. पुन्हा निसटला. पुन्हा उचलला. तिघंही उभी होती. ज्या माणसानं बसवलेल्या दाराचा आवाज येत नसे, तो एक नट पाच मिनिटं लावत होता, आणि मदत करायचा हक्क तिघांपैकी फक्त धाकटीला उरला होता; ती रडत होती म्हणून तिला दिसत नव्हतं.

शेवटी आटा बसला. त्यानं तो कान धरून घट्ट फिरवला, झाकण पकडून हलवून पाहिलं. एकदा, दोनदा. हललं नाही.

"आता चालू करायला हरकत नाही," तो म्हणाला.

दुपारी निघताना तो दारात आला. थोरली पायरीवर उभी होती. इतकी वर्षं कधी तो तिला नमस्कार बिमस्कार करत नव्हता; पाठीत धपाटा घालून पळायचा. आज वाकला. "येतो वहिनी," म्हणाला. "तब्येतीला जपा."

जपा म्हणाला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. तिनं हात पुढे केला तो त्याच्या पिशवीच्या बंदापर्यंतच पोचला.

धाकटी तिच्याशी बोलली नाही. पण बाई रीतीची; घेतलेली वस्तू ठेवून घेणारी नव्हे. ती दोघं कोपऱ्यावर वळल्यावर थोरलीनं बघितलं, तर जिन्याच्या खालच्या पायरीवर चाळणी होती. धुतलेली, पुसलेली.

कारखान्यात मिस्त्री करवतीपाशी स्टुलावर बसले होते, हात लोखंडी पाटावर पसरून. दहाच्या दहा. आत येऊन ते मोजायला कुणी नव्हतं, आणि त्यांनीही "मोजा" म्हटलं नाही.

संध्याकाळी थोरलीनं पीठ चाळायला घेतलं, कारण दोन माणसांना का होईना जेवावं लागतं. चाळणी हातात घेऊन तिनं सवयीनं कडेवर बोटं आपटली. धुतली होती तरी जाळीच्या शिवणीत राहिलेला भुसा सुटला आणि पिवळी भुकटी पांढऱ्या पिठावर पडली. तिनं पुन्हा आपटली. पुन्हा पडली. ती आपटत राहिली.